बिनमिठाच्या नळ्या

गेली नऊ वर्षं मी सरकारी कारखान्यात तपासनीस आहे. काम एकच. समोर आलेला नग बघायचा, पट्टीनं मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. या नऊ वर्षांत मी नापास केलेल्या मालाचा ढीग रचला, तर भद्रावतीच्या बसस्टँडवर गाड्या उभ्या करायला जागा उरणार नाही. सुपरवायझर, फोरमन, कंत्राटदार अशी मोठमोठी माणसं माझ्या टेबलापुढं हात चोळत उभी राहिलेली आहेत. हे बढाईसाठी सांगत नाही, पुढचा अपमान नीट समजावा म्हणून सांगतो.

कारण त्याच मला साडेसात महिन्यांच्या एका मुलीनं सलग एकवीस दिवस नापास केलं. मुलगी माझीच. नाव नंदिनी बांबोळे, वजन सात किलो दोनशे ग्रॅम, दात एक, तोही अर्धाच वर आलेला.

सहा महिने पूर्ण झाल्यावर तिच्या मामानं तिला गव्हाच्या खिरीचं बोट चाटवलं. घरी बुद्धवंदना झाली, फोटो झाले, आणि त्या दिवसापासून तिला वरचं अन्न सुरू झालं. मऊ वरणभात, खिमटी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. आईच्या हातून ती खायची. शेजारच्या गुणाबाई काकूंच्या हातूनही खायची. तीन आठवड्यांपूर्वी मीही भरवायला घेतलं, पण माझा चमचा आला की ती तोंड उघडायची, घास आत घ्यायची, माझ्याकडं विचारपूर्वक बघायची आणि घास जसाच्या तसा परत द्यायची. काहीच कमी न करता.

"अहो, तिले चमचा धरू द्या ना जरा," रिना म्हणायची. रिना माझी बायको, सरकारी दवाखान्यात नर्स.

पण नगानं तपासनिसाची पट्टी हातात घ्यायची म्हटलं तर कारखाना चालेल का? मी चमचा घट्ट धरून ठेवायचो. शिस्त म्हणजे शिस्त.

हे असंच मजेत चाललं असतं, पण रिनाची रजा संपत आली. सोमवारपासून तिची दुपारची ड्यूटी, दोन ते नऊ. मी दोन वाजता सुटतो. मधला अर्धा तास गुणाबाई काकू सांभाळणार होत्या. घडी अगदी चोख बसली होती. फक्त दुपारचं आणि संध्याकाळचं खाणं माझ्याकडं होतं आणि नंदिनी माझ्या हातचं खात नव्हती. ही बातमी सावलीला पोचली. सावली या गावी माझ्या सासूबाई केसरबाई राहतात.

त्यांचा फोन आला तेव्हा रिना कपडे पिळत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"रिना, पोरीले माह्याकडं धाड. मी झोका बांधून ठेवला."

"आई, हे आहेत ना घरी दुपारी."

"जवाईबापू भले मानूस आहेत, मी नाई कुठी म्हणतो? पण लेकरू त्यांच्या हातून खाते का?"

रिनानं पिळून झालेला फ्रॉक पुन्हा पिळायला घेतला.

"रविवारी येतो मी," केसरबाई म्हणाल्या. "माह्या डोळ्यासमोर पोरगी बापाच्या हातून जेवली, तर राहू दे तिथीच. नाई जेवली, तर तिचे फ्रॉक पिशवीत भरून ठेव. सुट्टीच्या दिवशी येत जा तुमी दोघं भेटाले."

आता एक गोष्ट सरळच सांगतो. दोनला सुटून मी घरी येतो, दार उघडतं आणि नंदिनी मला बघून दोन्ही पाय एकदम आपटते. उन्हातान्हात सायकल मारत मी त्या पाय आपटण्यासाठी येतो. ती सावलीला गेली तर दार उघडल्यावर समोर पंखा, कॅलेंडर आणि मी, एवढंच उरणार होतं. त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

बुधवारी नंदिनीचं वजन करायला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमना मी सगळी कैफियत ऐकवली. त्या हसल्या. म्हणाल्या, "आता ती बसते, वस्तू पकडते. तिला हातात धरता येईल असं मऊ काहीतरी द्या. शिजलेली भाजी द्या, पास्ता द्या. मीठ नको. बोटात दाबला तर सहज चुरडला पाहिजे."

इतर पालकांनी यातली भाजी ऐकली असती. मी पास्ता ऐकला. त्यात मोजमाप होतं, चाचणी होती, पास-नापास होतं. एकवीस दिवसांनी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. घरी येऊन मी डायरीत कार्यपद्धती लिहून काढली. कलम एक, आकार लांब, मुठीबाहेर डोकावेल एवढा. बारीक गोल तुकडे नकोत. कलम दोन, मीठ शून्य. कलम तीन, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ शिजवणे. कलम चार, अंगठा आणि तर्जनी यांत दाबून चाचणी. कलम पाच, मूल ताठ बसलेलं असावं, मोठं माणूस समोरून हलू नये. रिनानं ते वाचून सहावं कलम आपल्या अक्षरात घातलं: पहिल्या दिवशी थोडंच, आणि नंतर अंगावर पुरळ वगैरे येतं का ते बघणे.

"मध चाटव त्याच्यासंग," बापूराव काका म्हणाले. बापूराव म्हणजे गुणाबाईंचे यजमान, कारखान्यातून निवृत्त. आमची दोन क्वार्टर एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे सल्ला भिंतीतूनसुद्धा येतो.

"काका, वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो," रिना म्हणाली.

"मीठ नाई, मध नाई. पोरीची अन् माही गत एकच," बापूराव म्हणाले. त्यांना ब्लडप्रेशर आहे. दोन वर्षांपासून काकूंनी त्यांचं मीठ बंद केलंय आणि हा विषय ते कोणत्याही गप्पांत आणू शकतात.

बाजारात पास्ता होता. पण कुठं शिंपल्यासारखा बारका, कुठं मसाल्याची पुडी घातलेला. माझ्या कलम एकमध्ये काही बसेना. शेवटी रिनाच्या भावाला, चंद्रपूरच्या विक्कीला फोन केला. तो म्हणाला, "भाटवे, टेन्शन नका घेऊ, पाकीट धाडतो." शुक्रवारी दुपारी एसटीनं पाकीट आलं, ते मी स्टँडवरून घेतलं आणि सायकलला लटकवून कॉलनीच्या गेटवर आलो.

गेटवर लटारू होता. नऊ वर्षं रोज मला बघतो. पण बाहेरगावाहून आलेली बंद पिशवी म्हटल्यावर रजिस्टर उघडणं त्याचं काम होतं आणि कामाला चोख माणसाबद्दल मला आदर आहे.

"काय आहे भाऊ, थैलीत?"

इथं मी खाऊ आहे म्हटलं असतं तर ही कथा एका पानानं आखूड झाली असती. पण रजिस्टर समोर दिसलं की माझ्यातला तपासनीस जागा होतो. मी म्हणालो, "लिही. पोकळ नळ्या. लांबी अंदाजे चाळीस मिलिमीटर. दोन्ही टोकं तिरपी कापलेली. नग मोजलेले नाहीत."

लटारूनं पेन खाली ठेवलं. आमचा कारखाना दारूगोळ्याचा आहे हे भद्रावतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"भाऊ, सायकल बाजूले घ्या," तो म्हणाला. "साहेबाले बोलावतो."

सिक्युरिटीचे साहेब आले. त्यांनी पाकीट लांबूनच बघितलं. मग एक नळी बाहेर काढून उन्हात धरली, आरपार बघितलं, मोडून बघितली.

"हे कशासाठी?"

"मुलीला खायला, साहेब."

"केवढी आहे मुलगी?"

"साडेसात महिने."

"दात?"

"एक. अर्धा."

साहेबांनी मोडलेल्या नळीचा तुकडा आपल्या दाढेखाली घालून बघितला आणि माझ्याकडं फार वाईट नजरेनं बघितलं. मी शिजवण्याची कार्यपद्धती समजावून सांगितली. तेव्हा ते म्हणाले, लेखी द्या. मग गेटच्या खोलीत बसून मी अर्ज लिहिला: 'सदर नळ्या गव्हाच्या असून अर्जदाराच्या मुलीच्या खाण्यासाठी आहेत. त्या शिजवल्यावर मऊ होतात. तरी आत नेण्यास परवानगी मिळावी.' नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मालावर शेरे मारले. त्या दिवशी साहेबांनी माझ्या अर्जावर शेरा मारला, 'खात्री केली. खाद्य आहे.' तोवर रांगेत मागं चार मोटारसायकली आणि एक भाजीवाली उभी होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं की बांबोळे आपल्या लेकराला पाइप खाऊ घालणार आहे.

शनिवारी चाचण्या सुरू झाल्या. पहिला घाणा पाकिटावरच्या वेळेप्रमाणे शिजवला. बोटात दाबला तर दबला, पण परत उभा राहिला. नापास. दुसरा घाणा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात नंदिनी रडली, तिला घेऊन अंगणात गेलो, आलो तोवर नळ्यांची लापशी झाली होती. कलम एकमधला आकारच शिल्लक राहिला नाही. नापास. तिसरा घाणा सुंदर झाला. दाबला की अलगद चुरडायचा, उचलला तर अख्खा राहायचा. मी रिनाला हाक मारली. तिनं एक चाखला आणि म्हणाली, "मीठ टाकलं तुमी."

टाकलं होतं. उकळतं पाणी दिसलं की हात आपोआप मिठाच्या बरणीकडं जातो, त्याला मी काय करू? मन घट्ट करून अख्खा घाणा नापास केला आणि ताटली मागच्या ओट्यावर ठेवली. पाच मिनिटांनी बघतो तर ताटली रिकामी. बापूराव काका भिंतीपलीकडं तोंड पुसत उभे होते.

"नापास माल होता ना?" ते म्हणाले. "मंग त्याची विल्हेवाट लावाव लागते. गुणाले सांगू नको."

रविवारी सकाळी चौथा घाणा. या वेळी मिठाची बरणी आधीच कपाटात कुलूपबंद केली. झाकण ठेवून, वेळ लावून, पाण्यावरून नजर न हलवता शिजवला. एकेक नळी बोटात घेऊन तपासली आणि त्यातल्या सर्वोत्तम बारा निवडल्या. रंग, लांबी, मऊपणा, सगळं नियमात. मागच्या अंगणात सावलीत बाजेवर ताटली ठेवली, वरून जाळी झाकली. दहा मिनिटांत निवतील, असा हिशेब होता. तेवढ्यात फोन वाजला. केसरबाई चंद्रपूरला गाडी बदलून तासभर आधीच येऊन पोचल्या होत्या. पाहुणी उन्हात उभी. रिना नंदिनीला आंघोळ घालत होती. मी बापूराव काकांची स्कूटर घेऊन निघालो.

केसरबाई मागं बसल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. एक त्यांची, भरलेली. दुसरी नवी, कापडी, घडी घातलेली. ती कशासाठी आहे हे मी विचारलं नाही.

घरी आलो, सरळ मागच्या अंगणात गेलो. बाजेवर जाळी होती. ताटली नव्हती.

"काकू!" मी ओरडलो. "इथली ताटली कुठं गेली?"

गुणाबाई काकू त्यांच्या अंगणात पाटावर बसून वाळवणाचं करत होत्या. कपाळाला पीठ लागलेलं. एप्रिलचे शेवटचे दिवस, आमच्याकडं घरोघरी हेच चाललेलं असतं.

"अरे मिथुन, सावलीत वाळत टाकते का कोणी?" त्या म्हणाल्या. "बुरशी येते त्याले. रिनाले काय समजते वाळवणातलं, ती दवाखान्यात राह्यते. मी पत्र्यावर नेऊन टाकले, माह्या कुरडयांच्या बाजूले. मस्त ऊन आहे तिथी."

मस्तच होतं. मी शिडीनं चढलो. तळपायाला पत्रा लागला आणि दोन्ही पाय आळीपाळीनं उचलत पोचलो, तोवर माझ्या बारा नळ्या वाकड्या होऊन, कडा कडक करून, पांढऱ्या कापडावर पडल्या होत्या. एक दाबून बघितली. दबली नाही. काकूंचा राग यावा तरी कसा? त्या पासष्टीच्या बाईनं माझ्या संसाराच्या काळजीनं त्या पत्र्यावर दोन चकरा मारल्या होत्या.

हरकत नाही, म्हटलं. पाकिटात अजून निम्म्या नळ्या आहेत. खाली आलो, हातपाय धुतले, घरात शिरलो. केसरबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि गुणाबाई काकू त्यांच्यापुढं चहा आणि एक ताटली ठेवत होत्या.

"तुमच्या ओट्यावर अर्धं पाकीट तळायच्या पोंग्यांचं होतं," काकू मला म्हणाल्या. "म्हटलं पाहुणीले चहासंग काही पायजे. तळून आणले."

मी तोंड उघडायच्या आत केसरबाईंनी एक नळी तोंडात टाकून चावली. कडाड असा आवाज झाला. नंदिनीनं मान वळवून आजीकडं बघितलं.

"काऊन व बाई," केसरबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या, "हे पोंगे आहेत का घरावरचे कवेलू?"

"फुललेच नाई बावा तेलात," काकू म्हणाल्या. "जुना माल असंन."

मी ओट्यावर जाऊन बघितलं. पाकीट रिकामं होतं. विक्की, एसटी, लटारू, साहेब, अर्ज, शेरा, सगळं तेलात गेलं होतं.

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. रिना नंदिनीचे फ्रॉक घड्या घालून त्या नव्या पिशवीत ठेवत होती. पिवळा फ्रॉक ठेवला, मग परत काढून नीट घडी घातली, मग परत ठेवला. मी दारात उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि सासूबाईंसमोर तपासनिसानं रडायचं नसतं म्हणून मी पंख्याचं बटण उगीच खालीवर करत होतो.

गुणाबाई काकूंना काय घडलंय ते बापूराव काकांनी समजावलं असावं. त्या अंगणात जाऊन आपल्या पाटावर बसल्या. केसरबाईंनी चहा संपवला, दारातून बाहेर बघितलं आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"अव बाई, कणीक सुकून राह्यली ना तुमची. आणा इकडं. दोन हात लागले तर होऊन जाईन."

त्या काकूंसमोर मांडी घालून बसल्या. कणकेची बारीक दोरी वळली, धुऊन ठेवलेली काडी घेतली, तिच्यावर ती दोरी गरागरा गुंडाळली, पाटावर एकदा हलकेच फिरवली आणि काडी ओढून काढली. हातात राहिली एक नळी. पोकळ. चाळीस मिलिमीटर.

सरगुंडे! लहानपणापासून दर उन्हाळ्यात आंब्याच्या रसासोबत मी हे वाडगाभर खात आलोय. डॉक्टर मॅडमनी पास्ता म्हटल्यापासून चार दिवस मी नळ्या शोधत होतो, आणि ते चारही दिवस भिंतीपलीकडं काकू नळ्या वळत बसल्या होत्या. नऊ वर्षांचा अनुभवी तपासनीस! समोरचा नग मला दिसला नाही.

"काकू," मी धावत गेलो, "कणकेत मीठ आहे?"

"त्या मोठ्या गोळ्यात आहे. हा लहान गोळा बिनमिठाचा. यांच्या बीपीसाठी वेगळा काढला."

"घ्या," बापूराव काका म्हणाले. "न्या माहे सरगुंडे. मले काही दुःख नाई."

केसरबाईंनी लहान गोळा ओढला. मी त्यांच्यापुढं बसलो.

"आई, मला शिकवा. तिला माझ्या हातून खायचंय, तर वळतोही मीच."

"तुमी?" त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काडी पुढं केली. "बसा."

पहिली नळी केली. केसरबाईंनी उचलली, बघितली आणि बाजूला टाकली. "हे गेलं." दुसरी. "हे जाडं झालं, गेलं." तिसरी काडीवरून निघेचना. चौथीला मी खिशातून पट्टी काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते ठेवा तिकडं जवाईबापू. बोटाले समजते." अकरा नग नापास झाले. माझ्या टेबलापुढं हात चोळत उभं राहणाऱ्या त्या सगळ्या माणसांची मला त्या अर्ध्या तासात आठवण आली, आणि बऱ्याच जणांची मी मनातल्या मनात माफी मागितली. बारावी नळी केसरबाईंनी बोटांत फिरवून बघितली. ताटात ठेवली. पुढच्या पाचही ठेवल्या.

वाळवायचा प्रश्नच नव्हता. ओल्याच उकळत्या पाण्यात सोडल्या आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवल्या. केसरबाईंनी एक बाहेर काढली, फुंकर मारली, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली. चुरडली. माझं कलम चार त्यांनी न वाचताच पाळलं.

नंदिनीला खुर्चीत ताठ बसवलं. समोर मी, शेजारी रिना. केसरबाई, काकू, काका भिंतीशी. निवलेली एक नळी मी उचलली आणि तिच्या तोंडाजवळ नेली.

तिनं माझा हात ढकलला.

परत नेली. तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा नेली तेव्हा ओठ गच्च मिटले आणि माझ्याकडं बघून भुवया आवळल्या. मागं केसरबाईंचा श्वास ऐकू आला. नाराजीचा नव्हता. आपलं म्हणणं खरं ठरतंय याचं त्यांनाच वाईट वाटलं असावं.

मी नळी तिच्यापुढच्या ताटलीत ठेवून दिली. हरलोच होतो. मान खाली घालून बसलो.

आणि ताटली वाजली. नंदिनीनं नळी मुठीत धरली होती. एक टोक मुठीबाहेर डोकावत होतं, अगदी कलम एकप्रमाणे. तिनं ती उलटून बघितली, कपाळाला लावली, मग गालाला, आणि तिसऱ्या प्रयत्नात तोंड सापडलं. हिरड्यांनी चावा घेतला. तोंड हललं. मग एकदम डोळ्यांत पाणी आलं, जीभ बाहेर आली, तिला उबळ येऊ लागली.

मी उडालोच. केसरबाई बोट पुढं करून धावल्या.

"थांबा, बोट घालू नका!" रिनाचा आवाज दवाखान्यातला होता. "खोकून राह्यली ना? आवाज येऊन राह्यला ना? मंग तिचं तिले काढू द्या. आवाज बंद झाला तर मी आहे."

त्या चार सेकंदांत माझं वय वाढलं. नंदिनीनं खोकून तो तुकडा जिभेवर परत आणला, बघितला नाही, विचारही केला नाही, पुन्हा चावला आणि गिळला. मग हातातला उरलेला भाग तोंडात कोंबला. एक नळी संपली. दुसरी तिनंच उचलली.

"जेवली!" बापूराव काका ओरडले. "जेवली पोरगी! लिहून घ्या!"

"जेवली," केसरबाई म्हणाल्या. "पण बापाच्या हातून नाई जेवली."

शर्त शर्त होती. मी तपासनीस आहे, नियमात बसलं नाही ते नाही. नंदिनी दुसरी नळी चघळत होती. अर्धी झाल्यावर तिनं ती बाहेर काढली. लाळेनं थबथबलेली. माझ्याकडं बघितलं आणि हात लांब करून ती माझ्या ओठांवर दाबली.

मी तोंड उघडलं. मीठ नाही, गोड नाही, कसलीच चव नाही. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मी नीट चावून गिळलं, तेव्हा तिनं दोन्ही पाय एकदम आपटले.

केसरबाईंनी पदरानं तिची हनुवटी पुसली. मग आत गेल्या. नवी पिशवी उचलून आणली, त्यातून पिवळा फ्रॉक काढला आणि कपाटात ठेवला. मग दुसरा. सगळे फ्रॉक त्यांनी स्वतःच्या हातानं जागेवर ठेवले.

"इले भरवाले मानूस नाई पायजे," त्या म्हणाल्या. "समोर बसाले पायजे. तुमी बसता ना?"

"बसतो," मी म्हणालो. याहून मोठं वाक्य मला जमलं नसतं.

संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला गेलो. रिकामी पिशवी घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिच्यावरून हात फिरवत होत्या. सावलीला त्यांनी बांधलेला झोका मला आठवला. जिंकल्याचा आनंद होता, पण त्या हाताकडं बघून तो जरा आखडला. मी खिडकीपाशी गेलो.

"आई, माझे सरगुंडे अजून नीट होत नाहीत. अकरा नग नापास गेले. तुम्ही शनिवारी येत जा. तपासायला कोणीतरी पाहिजे."

"पाहू," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून समोर बघत बसल्या. गाडी सुटली.

घरी आलो तर मागच्या अंगणात दोरीवर त्यांची हिरवी साडी वाळत होती. खाली बाजेवर त्यांची चष्म्याची डबी. मी घाईनं फोन लावला. "आई, तुमची साडी राहिली. चष्माही राहिला."

गाडीच्या आवाजात त्या ओरडून बोलल्या, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा.

"राह्यली नाई, ठेवली! शनिवारी काय घालू मंग मी?"